रक्तक्लथन-विकृती, विषाणुजन्य

विषाणूंच्या संसर्गामुळे रक्त गोठण्याच्या प्रक्रियेत होणारा बिघाड. नांदेड व लातूर जिल्ह्यांत त्याचे ओळखीचे रूप डेंग्यूत दिसते. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा टंचाईत टाक्या-रांजणांत साठवलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास वाढतो, आणि त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेलाही महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून भांडी दर आठवड्याला घासून कोरडी करणे आवश्यक ठरते.

डेंग्यूत अस्थिमज्जेतील बिंबाणूंची (प्लेटलेट) निर्मिती मंदावते, प्रतिपिंडे तयार बिंबाणू नष्ट करतात, तर रक्त गोठवणारे प्रथिन फायब्रिनोजेनही घटते. बिंबाणूंचे सर्वसाधारण प्रमाण दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असते. ‘पेशी कमी झाल्या’ एवढे ऐकूनच नातेवाईक रक्तपेढीकडे धावतात. परंतु रक्तस्राव नसताना केवळ आकड्यावरून बिंबाणू चढवण्याचा सहसा लाभ नसतो. खरा धोका रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरण्याचा, आणि तो ताप उतरू लागताना वाढतो. नेमके तेव्हाच घरचे निर्धास्त होतात, हे घातक आहे. सतत उलट्या, पोटात तीव्र वेदना, हिरड्यांतून रक्त, काळी शौच किंवा ग्लानी दिसताच रुग्णालय गाठावे. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन टाळावे.

कोविड-१९ मध्ये बिघाड बहुधा उलट दिशेचा असतो : फुप्फुसांत व पायांच्या शिरांत गुठळ्या होतात. त्यामुळे गुठळ्यांचा अंदाज देणारी डी-डायमर तपासणी व गुठळ्या रोखणारे हेपारिन हे उपचारांचे भाग बनले.