राइट घराण्याचे कागद आणि आपली ट्रंक



शिक्षिका असताना मी वर्गात दरवर्षी विचारत असे, “विमान पहिल्यांदा कोणी उडवले?” मुले एका सुरात ओरडत, “राइट बंधूंनी!” मग मी विचारी, “हे तुम्हांला कसे कळले?” यावर वर्ग गप्प. एखादा धीट मुलगा म्हणे, “पुस्तकात लिहिले आहे, बाई.” पण पुस्तक लिहिणाऱ्याला कोणी सांगितले? आजचा लेख या प्रश्नाबद्दल आहे.

राइटांचे घर अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातले. ओहायो राज्यातील डेटन शहरात, हॉथॉर्न रस्त्यावर सात नंबरचे साधे लाकडी घर. वडील मिल्टन राइट (१८२८-१९१७) एका ख्रिस्ती पंथाचे बिशप होते आणि धर्मकार्यासाठी सतत फिरतीवर असत. त्यांच्या रोजनिशा १८५७ पासून १९१७ पर्यंतच्या, म्हणजे साठ वर्षांच्या आहेत. कोणाचे पत्र आले, कोणाला लिहिले, कुठे गेलो, हवा कशी होती, असा साधा मजकूर. घराण्याच्या वंशावळीची माहितीही ते हौसेने गोळा करीत. वडील प्रवासातून घरी लिहीत, घरचे उत्तर देत, आणि आलेले पत्र जपून ठेवले जाई. ही सवय मुलांच्या अंगात भिनली.

१९०० पासून विल्बर आणि ऑर्व्हिल हे दोघे भाऊ उत्तर कॅरोलायनामध्ये किटी हॉकच्या वाळूत प्रयोगांसाठी जाऊ लागले. धाकटी बहीण कॅथरीन डेटनच्या हायस्कुलात लॅटिन शिकवीत असे. भाऊ तिला तिथून सविस्तर पत्रे लिहीत. १९०१ साली ऑर्व्हिलने तिला तिथल्या डासांचा छळ कळवला, तो वाचताना आजही अंग खाजते. १७ डिसेंबर १९०३ रोजी चार उड्डाणे झाली. सर्वांत लांबचे ५९ सेकंदांचे आणि ८५२ फुटांचे. भावांनी वडिलांना तार केली. वाटेत तारेत ५९ चे ५७ झाले, ऑर्व्हिलच्या नावाचे स्पेलिंगही बिघडले. वडिलांनी तार मिळाल्याची नोंद रोजनिशीत केली. ऑर्व्हिलने स्वतःच्या वहीत त्या दिवसाची हकीकत लिहिली. कागद एकच असता तर तारेतली चूक खरी मानली गेली असती. तीन कागद राहिले, म्हणून चूक सापडते.

मार्च १९१३ मध्ये डेटनला मोठा पूर आला. विल्बर आदल्या वर्षीच विषमज्वराने वारला होता. घरात पाणी शिरले. मागच्या शेडमध्ये फोटोंच्या काचेच्या निगेटिव्ह ठेवल्या होत्या. त्या काही दिवस पाण्यात आणि चिखलात पडून राहिल्या. काहींवरचा थर सुटला. पहिल्या उड्डाणाची काचही त्यांतच होती. नशीब असे की तिचा फक्त कोपरा गेला, चित्र वाचले. आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेला तो फोटो पुरातून निघालेला आहे.

दोघेही भाऊ अविवाहित. ऑर्व्हिल ३० जानेवारी १९४८ रोजी वारला, तेव्हा कागद पुढच्या पिढीच्या हाती आले. आयव्हनेट ही थोरला भाऊ लोरिन याची मुलगी. शाळकरी वयात, १९११ साली, ती काकाबरोबर विमानात बसली होती. तिचे यजमान हॅरल्ड मिलर हे ऑर्व्हिलच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांपैकी एक. १९४९ मध्ये व्यवस्थापकांनी विमानविद्येसंबंधीचे कागद आणि ३०३ काचेच्या निगेटिव्ह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिल्या. १९५३ मध्ये, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, त्यांतील निवडक कागद दोन खंडांत छापले गेले. घरगुती कागद आणि फोटो १९७५ मध्ये डेटनजवळच्या राइट स्टेट विद्यापीठाला मिळाले. त्याच विद्यापीठाने १९९९ मध्ये वडिलांच्या रोजनिशा प्रसिद्ध केल्या. आयव्हनेटने स्वतः नातेवाइकांच्या आठवणी गोळा करून पुस्तक काढले. फोटोतला चेहरा कोणाचा हे सांगू शकणारी माणसे हयात असतानाच ही कामे झाली, हे लक्षात घ्यावे.

आता एक नाजूक गोष्ट. कॅथरीनने १९२६ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, कॅन्सस सिटीचे पत्रकार हेन्री हॅस्केल यांच्याशी लग्न केले. ऑर्व्हिलला ते मानवले नाही. त्याने बहिणीशी बोलणे टाकले. १९२९ मध्ये ती न्यूमोनियाने अत्यवस्थ झाली तेव्हा तो कसाबसा तिच्या बिछान्याशी पोहोचला. लग्नापूर्वी तिने हॅस्केलना लिहिलेली पत्रे कोणी जाळली नाहीत. ती आज मिसूरी राज्याच्या संग्रहात आहेत. तीच नसती तर कॅथरीन इतिहासात फक्त “भावांना मदत करणारी बहीण” म्हणून राहिली असती.

हे वाचले तेव्हा मला माझे पाप आठवले. मुंबई सोडताना सामानाला वजनाची मर्यादा होती. आमच्या आधी इस्रायलला आलेल्या मावशीची, आईला लिहिलेली पत्रे एका पिशवीत होती. त्यांत रडणे होते, आईशी झालेले भांडण होते. घरची धुणी कोणी का वाचावीत, असे म्हणून मी ती सगळी पिशवी बंबात घातली. त्या दिवशी आंघोळीचे पाणी त्या पत्रांवर तापले. आता नात विचारते, “सावता, मावशीआजी इथे आल्या तेव्हा पहिली रात्र कुठे झोपल्या?” मला सांगता येत नाही. ते त्या पत्रांत होते.

कोणी म्हणेल, राइट मंडळी जगप्रसिद्ध, आपले कागद कोणाला हवेत? त्याच ओहायोमध्ये सिनसिनाटी शहर आहे. तिथल्या सर्वांत जुन्या यहुदी मंडळीचे नावही ‘बेने इस्रायल’ आहे, आपला संबंध नसला तरी. त्या गावात १९४७ मध्ये प्रा. जेकब मार्कस यांनी अमेरिकन यहुद्यांच्या कागदपत्रांचे संग्रहालय काढले. युरोपातील आपल्या बांधवांबरोबर त्यांची दप्तरेही नष्ट झाली होती, ती जखम ताजी होती. तिथे बड्यांच्या कागदांशेजारी सामान्य कुटुंबांचे कागदही ठेवले जातात. आणि आपल्याकडे पाहा. हाईम शमुवेल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. मधली चाळीस वर्षे ते हस्तलिखित रद्दीत गेले नाही, म्हणून आज आपण त्याचे दाखले देतो.

मात्र राइटांना एक अडचण नव्हती, ती आपल्याला आहे. त्यांची पुतवंडे तीच भाषा वाचत होती. आपली नातवंडे हिब्रू वाचतात. आजोबांचे मराठी पत्र त्यांच्या हाती आले तर ते उलटे धरले आहे की सुलटे, हेही कळणार नाही. मोडीतला कागद असेल तर आपल्यालाही कळत नाही. म्हणजे ट्रंक सांभाळणे पुरेसे नाही. ती वाचू शकणारी शेवटची पिढी आपणच आहोत.

म्हणून बाईंचा गृहपाठ. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नावे, गाव आणि साल लिहा. बॉलपेन नको, त्याची शाई पुढे उमटते. टाचण्या काढा, गंजतात. सेलोटेप लावू नका, प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करू नका. एकत्र बांधलेली पत्रे त्याच क्रमाने ठेवा. प्रत्येक पत्रासोबत हिब्रूत एक चिठ्ठी ठेवा: कोणी, कोणाला, कुठून, कधी. आणि नातवंडाला शेजारी बसवून पत्र मोठ्याने वाचा, त्याला ते फोनवर मुद्रित करू द्या. भांडणाचे पत्र निघाले तर तेही वाचा, किंवा पाकिटात घालून वर लिहा, “माझ्यानंतर उघडावे.” पण जाळू नका.

मी सुरुवात केली आहे. वडिलांचे एकच पोस्टकार्ड उरले होते. परवा नातीला ते वाचून दाखवले. मजकूर एवढाच, की पोहोचलो, पाऊस फार आहे, काळजी नसावी. तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.