टेराकोटा शिकताना आम्ही कुठे अडलो

एका सर्व्हरवर चालणारे जावा अॅप्लिकेशन आपले अनेक तरुण लिहितात. तेच तीन-चार सर्व्हरवर मिळून चालवायचे म्हटले की खरी परीक्षा सुरू होते. वापरकर्त्याचे सेशन एका जेव्हीएमच्या मेमरीत असते. तो सर्व्हर बसला की अर्धा भरलेला फॉर्मही गेला.

डिसेंबर 2006 मध्ये ओपन सोर्स झालेल्या टेराकोटाने यावर वेगळा उपाय दिला. आपण एक ‘रूट’ ऑब्जेक्ट नेमायचा. त्याच्याशी जोडलेले सगळे ऑब्जेक्ट सर्व जेव्हीएमना सामायिक होत. क्लास लोड होतानाच बाइटकोड बदलला जाई. एखादे फील्ड बदलले तर तेवढाच बदल मधल्या टेराकोटा सर्व्हरकडे जाई, अख्खा ऑब्जेक्ट नाही.

कोड बदलावा लागत नाही हे ऐकून आम्ही दोन दिवसांत काम उरकेल असे धरून बसलो. पहिल्याच चाचणीत ‘अनलॉक्ड शेअर्ड ऑब्जेक्ट एक्सेप्शन’ आले. सामायिक ऑब्जेक्ट कुलूप न लावता बदलला, असा त्याचा अर्थ. आम्ही कॉन्फिगरेशनला दोष देत राहिलो. शेवटी कळले, त्या मेथडमध्ये सिंक्रोनाइज्ड लिहिलेलेच नव्हते. ही चूक आमचीच, जुनी. एका सर्व्हरवर ती कधी उघडी पडली नव्हती, एवढेच. (सिंक्रोनाइज्ड असूनही त्या मेथडला एक्सएमएल फाइलमध्ये ऑटोलॉक दिला नसेल, तरी हेच एक्सेप्शन येते.)

मग आम्ही घाबरून सगळीकडे ऑटोलॉक लावले. एक्सेप्शन थांबले, पण वेग पडला. क्लस्टरमध्ये कुलूप दुसऱ्या जेव्हीएमकडे असेल तर ते नेटवर्कवरून मागावे लागते. थ्रेड, सॉकेट अशा गोष्टी तर सामायिक होतच नाहीत. त्या ऑब्जेक्टमधून वेगळ्या काढाव्या लागल्या.

टेराकोटाने 2009 मध्ये एहकॅश घेतले, 2011 मध्ये कंपनी सॉफ्टवेअर एजीकडे गेली आणि बाइटकोडची ही पद्धत मागे पडली. आज हेझलकास्ट शिकणाऱ्याला उलटा फटका बसतो: त्याच्या मॅपमधून सहसा ऑब्जेक्टची प्रत मिळते. ती बदलून पुन्हा ‘पुट’ केली नाही, तर बदल कुणालाच दिसत नाही.

म्हणून आमच्याकडे नवीन येणाऱ्याला आम्ही आधी जावाचे थ्रेड आणि लॉक शिकवतो. मग एकाच लॅपटॉपवर दोन जेव्हीएम सुरू करायला सांगतो आणि काम चालू असताना त्यातला एक बंद करायला लावतो.