फ्युचरामा : तीन पुनर्जन्म, तीन विनोद

१/ १ मे २००५. अमेरिकेच्या फॉक्स वाहिनीने २००२ मध्ये बंद केलेली 'फॅमिली गाय' ही ॲनिमेशन मालिका त्याच वाहिनीवर परतली. आरंभीच पीटर ग्रिफिन घरच्यांना आपली मालिका बंद झाल्याची वार्ता देतो. वाहिनीला इतर मालिकांसाठी जागा हवी आहे, असे सांगून तो एका दमात २९ नावे घेतो. त्या साऱ्या मालिका पडल्या, तरच आपल्याला काही आशा! प्रत्यक्षात त्या २९ही मालिका एव्हाना बंद पडलेल्या होत्या.

२/ ही कृपा वाहिनीची नव्हे. डीव्हीडींची दणदणीत विक्री आणि 'ॲडल्ट स्विम'वरील पुनःप्रक्षेपणाला लाभलेला प्रेक्षक यांची. त्याच वाटेने 'फ्युचरामा'ही परतली. मॅट ग्रेनिंग यांच्या या मालिकेचे ७२ भाग दाखवून फॉक्सने २००३ मध्ये तिला निरोप दिला होता.

३/ नोव्हेंबर २००७ मध्ये 'बेंडर्स बिग स्कोअर' हा चित्रपट थेट डीव्हीडीवर आला. त्यात प्राध्यापक फार्न्सवर्थ, जुन्या संगीत नाटकातील सूत्रधाराच्या थाटात, आधी स्वतःच्याच प्रयोगाची हकिकत सांगतात : 'बॉक्स नेटवर्क'च्या मूर्ख अधिकाऱ्यांनी आपली कंपनी बंद पाडली होती, पुढे त्या अधिकाऱ्यांनाच हाकलण्यात आले, मग बदडण्यात आले आणि अखेरीस त्यांची गुलाबी भुकटी करण्यात आली. ती डब्यात भरून विकायलाही आहे! 'बॉक्स' म्हणजे कोण, हे सांगण्याची गरज कोणालाच नव्हती.

मौज पुढेच आहे. ती डीव्हीडी बाजारात आणली फॉक्सच्याच गृहचित्रपट कंपनीने. एका शाखेची निर्भर्त्सना दुसऱ्या शाखेच्या गल्ल्यात जमा झाली.

४/ २०१० मध्ये मालिका 'कॉमेडी सेंट्रल'वर गेली. इंग्रजीत 'चॅनल' म्हणजे जलमार्गही आणि वाहिनीही. तेवढ्या श्लेषावर नव्या यजमानाचे नाव पहिल्याच भागात गोवले गेले. विनोद बेताचाच. ४ सप्टेंबर २०१३ रोजी पुन्हा समाप्ती.

५/ २४ जुलै २०२३. या वेळी यजमान हुलू. २०१९ मध्ये फॉक्सचा चित्रनिर्मिती विभाग डिस्नेने विकत घेतला होता आणि हुलूची सूत्रेही डिस्नेकडेच होती. पहिल्या भागात 'फुलू' नावाची सेवा अवतरते. थट्टा मात्र आता अधिकाऱ्यांपाशी थांबत नाही. फ्राय आजवरची प्रत्येक मालिका पाहण्याचा संकल्प सोडतो आणि त्यासाठीचा खास पोशाख चढवून बसतो. पाहणे मध्येच खंडित झाले, तर त्याचा जीव धोक्यात! बंद पडलेली 'ऑल माय सर्किट्स' ही मालिका मग घाईघाईने पुनरुज्जीवित करावी लागते. फ्राय पाहतो त्याहून अधिक वेगाने नवे भाग तयार करत राहणे, एवढेच काम निर्मात्यांकडे उरते. भागांच्या दर्जाची चौकशी करायला कोणालाच सवड नसते.