आरोग्य कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण : जामखेड ते नंदुरबार – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून त्यांपैकी सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांचा मोठा भाग सातपुड्याच्या डोंगररांगांत असून नर्मदाकाठच्या पाड्यांसाठी शासनाला तरंगता दवाखाना सुरू करावा लागला. अशा भागात प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ती हाच आरोग्यसेवेचा आधार ठरतो. तिला कोणी, कोठे व कसे शिकवावे, या प्रश्नाची महाराष्ट्रातील वाटचाल पाहून त्या प्रकाशात विनामूल्य ऑनलाइन प्रशिक्षणाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जामखेड व गडचिरोली :

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात राहण्यास तयार होत नाहीत, हे ध्यानात आल्यावर त्यांनी गावातीलच स्त्रियांना शिकविण्याचा मार्ग स्वीकारला. त्यांपैकी अनेक निरक्षर होत्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, गावातील अडचणी मांडत, नवे शिकत व परत जात. शिक्षण एकदाच देऊन संपत नसे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेचे तत्त्व जगापुढे मांडले. त्यापूर्वीच जामखेडने ते आचरणात आणले होते.

पुढचा टप्पा गडचिरोलीचा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. अल्पशिक्षित आरोग्यदूत स्त्रियांच्या सेवेमुळे तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. या यशामागे प्रशिक्षणाइतकेच नियमित पर्यवेक्षणही होते.

शासकीय स्वीकार :

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ कार्यकर्तीची योजना आली. २०११ मध्ये घरोघरी नवजात बालसेवेची जबाबदारी देशभरातील आशांकडे सोपविण्यात आली. मात्र प्रयोग देशव्यापी होताना आशय सहज पसरला, पर्यवेक्षण तितके सहज पसरले नाही. एका प्रशिक्षकाकडून दुसऱ्याकडे अशा साखळीने उतरणारे ज्ञान प्रत्येक पायरीवर विरळ होत जाते.

पडद्यावरील गुरू :

ही उणीव भरून काढण्याची शक्यता ऑनलाइन माध्यमात दिसू लागली. अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथे डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘इको’ प्रकल्पात तज्ज्ञ व दूरचे कार्यकर्ते पडद्यावर एकत्र येऊन प्रत्यक्ष रुग्णांविषयी चर्चा करतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ उपक्रमातील आरोग्यविषयक चित्रफिती स्तनपानाची योग्य पद्धत, बाळाची पकड व पूरक आहार यांची माहिती भारतीय भाषांत विनामूल्य देतात. अलीकडच्या वर्षांत नंदुरबारमधील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठीही त्यांचा उपयोग झाला. एकच आशय न बदलता शेवटच्या पाड्यापर्यंत जातो, हा या माध्यमाचा मोठा लाभ होय.

तथापि दोन मर्यादा उरतात. पहिली मर्यादा भाषेची. भिली, पावरी किंवा मावची बोलणाऱ्या मातेशी अखेर कार्यकर्तीलाच तिच्या बोलीत संवाद साधावा लागतो. दुसरी मर्यादा हाताच्या कौशल्याची. बाळाला छातीशी कसे धरावे हे चित्रफितीत दिसते. परंतु आपण धरलेले बरोबर आहे की नाही, हे शेजारी बसलेली अनुभवी व्यक्तीच सांगू शकते. डोंगरातील अपुऱ्या नेटवर्कची अडचण चित्रफीत आधीच मोबाइलमध्ये उतरवून घेतल्यास दूर होते; या दोन मर्यादा मात्र तंत्राने दूर होत नाहीत.

निष्कर्ष :

जामखेडने ज्ञान रुग्णालयातून गावात नेले, गडचिरोलीने ते घरात नेले, तर ऑनलाइन माध्यमाने ते हातातील मोबाइलपर्यंत आणले. मात्र पहिल्या दोन टप्प्यांत यश ठरले ते कार्यकर्ती आणि शिक्षक यांच्या पुन:पुन्हा होणाऱ्या भेटीवर. म्हणून विनामूल्य चित्रफीत हे ज्ञानदान असले, तरी ते प्रशिक्षणाचा आरंभ मानले पाहिजे, शेवट नव्हे. तिच्यामुळे वाचलेला वेळ व पैसा पाड्यावरील पर्यवेक्षणासाठी वापरला गेला, तरच नंदुरबारला तिचा खरा लाभ होईल. तो केवळ बचत म्हणून गणला गेला, तर सर्वांत दूरची कार्यकर्ती पुन्हा एकटी पडेल.