हौस, चैन आणि ‘इंडल्ज इन’

इंग्रजी शिकणाऱ्या मुली आम्हाला ‘इंडल्ज इन’चा अर्थ विचारतात. नुसतं ‘इंडल्ज’ म्हणजे दुसऱ्याचे लाड करणं. आजी नातवाचे करते तसे. ‘इन’ जोडलं की आवडत्या गोष्टीत स्वतःला जरा मोकळं सोडणं. चार पेढे जास्त खाल्ले तरी हेच क्रियापद, आणि बातमीत जुगार खेळणाऱ्यांनाही हेच!

मराठीत आपण दोन शब्द वेगळे ठेवले. हौस केली की कौतुक, चैन केली की नावं ठेवायची. गंमत अशी, की मुळात उलटं होतं. ‘हौस’ अरबी ‘हवस’वरून आली, आणि उर्दूत हवस म्हणजे हाव, वासना. ‘चैन’ मात्र हिंदीत साधी जिवाची स्वस्थता. आपल्या ‘बेचैन’मध्ये तो अर्थ अजून आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, कारभार उर्दूत. त्यामुळे आपल्या शहरात एकाच गल्लीत एकीची हौस गोड आणि दुसरीची हवस वाईट!

इथल्या विणकरांनी तर परवानगीची चैनच विणली. किनखाब म्हणजे रेशीम आणि जर, श्रीमंतांचं काम. सूत आणि रेशीम मिळून झाला हिमरू, तसाच दिसणारा पण स्वस्त. मश्रू त्याहून हुशार. पुरुषांनी निव्वळ रेशीम नेसणं इस्लामी धर्मशास्त्राला मान्य नाही, म्हणून सूत अंगाकडे आणि रेशमाची झळाळी बाहेर. ‘मश्रू’चा अर्थच मुळी ‘धर्माला मान्य असलेलं’.

बायकांच्या हौसेला अशी मान्यता कुठे मिळते? नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून आपल्या हातात थोडा पैसा खेळू लागला. पण कर्जाच्या रजिस्टरात ‘कारण’ हा रकाना आहे. म्हैस, शिलाई मशीन, खत-बियाणं बिनधास्त लिहितात. स्वतःसाठी पैठणी घ्यायची असेल तर ‘घरखर्च’ लिहितात. नवऱ्याच्या मोटारसायकलीला चैन म्हटलेलं आम्ही अजून ऐकलं नाही.

म्हणून आम्ही गटांना सांगतो, आधीचे हप्ते वेळेवर असतील आणि पुढचे झेपणार असतील तर रकान्यात ‘हौस’ असंच लिहा. सचिवताईंना लिहिताना हसू येतं, पण लिहितात.