इंदूरच्या हिऱ्यांचे पॅरिसचे कारागीर

घरची नथ किंवा ठुशी घडवायची, तर सोनार पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असे. आपल्या पसंतीचा कलावंत हुडकून काढणे ही फार थोड्यांची चैन. इंदूरच्या होळकरांनी ती मनापासून केली.

तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी पॅरिसच्या शोमे या पेढीकडून दोन हिरे घेतले. आकार नासपतीचा, वजन प्रत्येकी सुमारे ४७ कॅरेट. ‘इंदूर पेअर्स’ या नावाने ते जगभर गाजले.

पुढे १९३३ मध्ये त्यांचे पुत्र यशवंतराव (दुसरे) यांनी पॅरिसच्याच मोबुसाँ या पेढीला दरबारी जवाहिऱ्याचा मान दिला. ही निवड लहर नव्हती. याच सुमारास त्यांचा माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराने उभारला. तिथले फर्निचर, चांदीची भांडीही युरोपातल्या आघाडीच्या आधुनिक कलावंतांची. दागिन्यांनाही तीच नजर हवी होती. वडिलांच्या हिऱ्यांना मोबुसाँने नव्या हारात बसवले. रत्ने घरची, घडण नव्या काळाची!

फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मोंव्हेल यांनी यशवंतरावांचे मराठी पोशाखातले चित्र काढले. पांढरी वस्त्रे, डोईला पगडी, गळ्यात तेच हिरे. इतक्या साधेपणात इतकी श्रीमंती क्वचितच दिसते. होळकरांची पारख त्या एका चित्रात पुरती कळते.

१९४६ मध्ये न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी ते दोन्ही हिरे विकत घेतले.