नेवाशाचा धागा आणि कोळशाची साक्ष

१२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरचे पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले, आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. जेथे माणसे आणि घरे गेली तेथे कापडाचा हिशेब कोण ठेवणार? तरीही चिखलातून निघालेली एखादी पेटी डोळ्यांसमोर आणा. शालू धुऊन वाळवता येतो. त्याच्यासोबतची खरेदीची याद, लग्नखर्चाचा कागद मात्र लगदा होतो. वस्त्र उरते, त्याचे वय सांगणारा साक्षीदार जातो. इतिहासाच्या अभ्यासकापुढे जुने वस्त्र येते ते बहुधा असेच.

योगायोग असा, की त्याच १९६१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढलेल्या तांत्रिक अहवालांत ए. एन. गुलाटी यांनी नेवाशाच्या एका धाग्याची हकीकत मांडली. प्रवरेकाठच्या नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी उत्खनन केले. तेथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत मुलांना घराच्या जमिनीखाली, मातीच्या रांजणांत पुरीत. अशाच एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली आणि मण्यांच्या पोटात ओवलेला दोरा शिल्लक होता! आपल्या हवेत सूत कुजायला वेळ लागत नाही. पण तांब्याच्या गंजातले क्षार जंतूंना मारक असतात. त्यांनीच तो दोरा राखला. गुलाटींच्या परीक्षेत तो कापूस आणि रेशीम यांचा निघाला. कोण्या आईने तो ओवला असेल.

आता हा दोरा किती जुना? शिकागोच्या विलार्ड लिबी यांनी १९४९ साली कालमापनाची जी रीत दाखवली, ती येथे आठवते. हवेतल्या कार्बनात किरणोत्सर्गी कार्बनाचा अत्यल्प अंश असतो. कपाशी तो हवेतून घेते, रेशमाचा किडा पाल्यातून घेतो. जीव गेला की भरणा थांबतो आणि सुमारे ५७३० वर्षांत तो अंश निम्मा होतो. उरलेला अंश मोजला की वय कळते. मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील गुंडाळ्यांवरचे तागी वस्त्र लिबींनीच १९५१ च्या सुमारास मोजले. उत्तर आले इ. स. ३३, दोनशे वर्षे इकडे किंवा तिकडे.

पण मोजायचे म्हणजे जाळायचे. त्या काळी त्यासाठी कित्येक ग्रॅम माल लागे. नेवाशाचा सगळा दोरा जाळूनही भागले नसते. म्हणून कालमापन झाले ते त्या वस्तीतल्या कोळशाचे, आणि ते इ. स. पू. १२५० च्या आसपास आले. पुढे सुधारलेल्या गणिताने अशा तारखा आणखी थोड्या मागे सरकल्या. म्हणजे दोऱ्याचे वय हे कोळशाकडून उसने घेतलेले वय आहे. उसनवारीत धोका असतो: जळलेले लाकूड मुळातच जुने असू शकते, आणि पुरण्याचा खड्डा वरच्या थरातून खणलेला असतो. तरी दोरा राहिला हे मला योग्यच वाटते. राखेला पुन्हा प्रश्न विचारता येत नाही.

१९७७ नंतर त्वरकयंत्राने कार्बनाचे अणूच मोजण्याची सोय झाली आणि काही मिलिग्रॅम पुरू लागले. तूरिनच्या प्रसिद्ध कफनाची छोटी पट्टी १९८८ साली तीन प्रयोगशाळांनी तपासली. ते १२६० ते १३९० या काळातले ठरले.

मग घरचा ‘पेशवाईतला’ शालूही तपासावा, असे पुष्कळांना वाटते. त्यांची निराशा होईल. सुमारे १६५० नंतरच्या तीनशे वर्षांत हवेतला हा अंश इतका वरखाली झाला, की एकाच मापातून सतराव्या, अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतल्याही तारखा निघतात. नानासाहेबांचा काळ की इंग्रजी अंमल, हे कार्बन सांगत नाही. जरीच्या धातूच्या तारेत तर कार्बनच नाही.

उलट पानशेतच्या वर्षी पिकलेल्या कापसाचे लुगडे बरेच नेमके ओळखता येते! १९५५ पासूनच्या अणुस्फोटांनी हवेतला हा अंश वाढत गेला आणि १९६३-६४ च्या सुमारास जवळजवळ दुप्पट झाला; पुढे तो हळूहळू उतरला. पुराचा गाळ आम्ल आणि अल्कली यांनी धुऊन काढला, की सुताचे माप घेता येते. अडचण एकच. तेच माप चढणीवरही सापडते आणि उतरणीवरही, म्हणजे १९६१ च्या आसपास आणि पुन्हा वीसेक वर्षांनी. तेवढ्यापुरते काठ-पदर ओळखणाऱ्या जाणत्या बाईलाच विचारावे लागते.